मी, धुऊन संपवलेली जाळी

मी बोलतेय. खिडकीकडं बघू नका, तिथं आता दुसरी आहे. बाल्कनीच्या दारामागं बघा. झाडू आणि मोडक्या छत्रीच्या मधे सुतळीनं बांधलेली काळपट सुरळी दिसतेय ना, ती मी. खिडकीची जाळी. अकरा वर्षं एका खिडकीत उभी होते आणि अकरा वर्षांत या घरातल्या मोठ्या माणसांपैकी एकानंही माझ्याकडं पाहिलं नाही. सगळे माझ्यातून पाहायचे.

आता भंगारवाला येईपर्यंत मला वेळच वेळ आहे. तर ऐका. गोड बोलणार नाही, आधीच सांगते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. केसासारखी बारीक ॲल्युमिनियमची तार, ती उभीआडवी विणणारं यंत्र, आणि आवाज एवढा की कामगार एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलायचे. त्या शेडमध्ये मी फार सुखात होते. आता कळतं का ते. तिथं कुणी कुणाला सल्ला देऊ शकत नव्हतं.

मग गुंडाळी होऊन मी जाळीवाल्याच्या दुकानात आले आणि एके दिवशी त्याच्या खांद्यावरून या घरात. जिना चढून दुसरा मजला, मागची खोली. जाळीवाल्यानं चौकटीच्या चार पट्ट्या जोडल्या, मला त्यावर पसरलं, कडेच्या खाचेत रबराची दोरी ठेवली आणि एका छोट्या चाकानं ती दाबत नेली. मी ताणली गेले. छान वाटलं हो. पहिल्यांदा वाटलं की आपण कुठल्या तरी कामाच्या आहोत.

हे सगळं चालू असताना जाळीवाल्याच्या मानेवर श्वास सोडत घरचा मालक उभा होता. तो कारखान्यात फोरमन होता, म्हणून जिन्यातले सगळे त्याला फोरमनच म्हणायचे. मीही तेच म्हणणार.

"स्क्रू असा नाही, असा पकड," फोरमन म्हणाला.

"हो साहेब."

"आणि ते चाक उलट्या बाजूनं फिरव."

"साहेब, उलट्या बाजूनं ते चालत नाही."

"तू फिरवून तर बघ!"

जाळीवाल्यानं फिरवलं नाही. जाताना मात्र हात पुसत एक गोष्ट सांगितली. "ही ॲल्युमिनियमची आहे, साहेब. धुताना आधी कोरड्या ब्रशनं धूळ काढायची. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, मऊ ब्रश, आणि भरपूर साध्या पाण्यानं धुवायची. ॲसिड नको. कॉस्टिक सोडा तर घरातसुद्धा आणू नका."

"अरे, तीस वर्षं धातूत काढलीत मी," फोरमन म्हणाला आणि त्याच्या तोंडावर दार लावलं.

तेव्हा तो तीस म्हणायचा. निवृत्त झाल्यावर हा आकडा थांबायला हवा होता. तो वाढतच गेला. आज विचाराल तर चाळीस सांगेल.

दार लागायच्या आधी जाळीवाला कापलेले तुकडे गोळा करत होता, त्यातला तळहाताएवढा एक तुकडा फोरमनच्या थोरल्या बहिणीनं मागून घेतला. तिला तो आक्का म्हणायचा. ही मागची खोली तिचीच. तिनं त्या तुकड्याच्या कडेला जुन्या साडीची पट्टी शिवली आणि आपल्या पाण्याच्या जगावर झाकण म्हणून ठेवला. रोज सकाळी जग घासताना ती त्यालाही भांड्यांच्या साबणानं घासायची, धुवायची आणि उन्हात ठेवायची. माझीच सख्खी बहीण म्हणा ना. ती रोज न्हायची, आणि मी तिच्याकडं बघत माझ्या जागी मळत बसायचे.

आक्काला दम्याचा त्रास. आयुष्यभर टेलिफोनच्या ऑफिसात खुर्चीला चिकटून काम केलं, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर भावाकडं आली. डॉक्टरांनी तिला तीन गोष्टी बजावल्या होत्या. खोलीत हवा खेळती पाहिजे. धूळ नको. डासांसाठी कसलाही धूर करायचा नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र करायच्या तर खिडकीत जाळीच हवी. म्हणजे मी. तिचा श्वास माझ्या भोकांमधून जायचा आणि यायचा. ही गोष्ट या घरात दोघींनाच कळली होती, आक्काला आणि मला.

आता मळाचं सांगते. खाली सुताराचं दुकान. दिवसभर करवतीचा भुसा वर उडायचा. समोर बसचा थांबा. आणि हातभर अंतरावर या घरातल्याच स्वयंपाकघराची खिडकी, तिथून तळणाची वाफ यायची. आधी तेलाचा पातळ हात बसायचा, त्यावर भुसा चिकटायचा, त्यावर धूर. असे थर चढत गेले. माझं एकेक भोक आत आत मिटत गेलं.

आणि या लोकांची सफाई! फोरमन टॉवेलनं मला फटकावायचा. धूळ आत उडायची, आक्का खोकायची, आणि हा म्हणायचा, "बघ, किती निघाली!" फोरमनची बायको ओल्या फडक्यानं पुसायची. कोरड्या धुळीवर ओलं फडकं फिरवलं की चिखल होतो, आणि तो भोकांत जाऊन लिंपल्यासारखा बसतो. हे समजायला पदवी लागत नाही. पण ती दर महिन्याला तेच करायची आणि फडकं काळं झालेलं पाहून तिला समाधान व्हायचं. मग एकदा काचेची निळी फवारणी आली. बाटलीवर चमचमती खिडकी काढली होती, म्हणून घेतली. बाई, ती काच आहे, मी जाळी आहे! निळं पाणी माझ्यातून सरळ पलीकडं गेलं आणि खालून जाणाऱ्याच्या टकलावर पडलं. वासानं आक्काला ढास लागली ती वेगळीच.

शेजारच्या बाल्कनीत एक मास्तर राहायचे, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी वर्तमानपत्राचा बोळा सुचवला. त्याआधी लिंबू सुचवलं होतं, आणि त्याच्याही आधी टूथपेस्ट. यांतलं त्यांनी स्वतः काय करून पाहिलं होतं विचाराल, तर काहीच नाही. मोठ्या माणसांना सल्ला द्यायला अनुभव लागत नाही, फक्त बाल्कनी लागते.

शेवटी एके दुपारी आक्कानं भावाला हाक मारली.

"बाळ्या, खिडकी उघडी आहे का रे?"

"सताड उघडी आहे, आक्का."

"मग हवा कुठं गेली?"

"आज पडलीय हवा."

"समोरच्या झाडाची पानं हलतायत की."

फोरमननं झाडाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही. "तुझं वय झालं आता," म्हणाला आणि वामकुक्षीला गेला.

मी ताणलेली होते म्हणून, नाहीतर त्या दिवशी थरथरलेच असते.

आता पोरगीबद्दल सांगते. फोरमनची एकुलती एक मुलगी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला तिनं शिक्षण सोडलं. का सोडलं, हे तिला कुणी विचारलं नाही. लोक काय म्हणतील, हे मात्र आठवडाभर विचारलं. तेव्हापासून घरात तिची ओळखच बदलली. पाहुणे आले की फोरमन म्हणायचा, "ही आमची कॉलेज सोडलेली." जणू तिनं तेवढी एकच गोष्ट आयुष्यात केली होती.

ती गाड्या धुण्याच्या सेंटरवर कामाला लागली. सकाळी जायची, अंगठ्याच्या पेरांना चिरा पडलेले हात घेऊन परत यायची आणि पहिल्यांदा आत्याच्या खोलीत यायची. या घरात तिचं पूर्ण वाक्य ऐकून घेणारी आत्या एकटीच होती.

"आत्या, आज एकानं चाकाचं वाटोळं केलं," ती एकदा सांगत होती. "ॲल्युमिनियमचं चाक. तेलकट होतं म्हणून लोखंडाचं पाणी मारलं. पाच मिनिटांत पांढरं फटक पडलं. आमच्या मिस्त्रीनं त्याला असा झापलाय!"

"लोखंडाचं पाणी म्हणजे?"

"कॉस्टिक गं. लोखंडावरचं तेल मस्त काढतं, लोखंडाला काही होत नाही. पण ॲल्युमिनियमला खातं. आमचा मिस्त्री म्हणतो, बाटली उचलायच्या आधी वस्तूला विचार, तू कशाची आहेस."

मी कान टवकारले. मला कान नाहीत, पण टवकारले. अकरा वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं.

आक्कानं माझ्याकडं बोट केलं. "मग हिला विचार बघू."

पोरगी उठली. आणि काय सांगू तुम्हाला, तिनं माझ्यातून बाहेर पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. नखानं कोपरा खरवडला, बोटांत तो चिकट गोळा चोळला, वास घेतला.

"तेल आहे, वर भुसा बसलाय. नुसत्या पाण्यानं काय जातंय!"

तिनं डाव्या कोपऱ्यात खालच्या बाजूला हातभर चौकोन निवडला. "आधी एवढंच करते. जाळीला मानवलं तर रविवारी सगळी." आधी दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशनं कोरडी धूळ काढली, आणि खाली ओलं फडकं धरलं, म्हणजे आत्याकडं उडू नये. मग कोमट पाण्यात साबणाचे थेंब घालून स्पंजानं दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं गोल गोल फिरवत धुतलं. पाच मिनिटं थांबली. तेल थोडं उरलं होतं, तिथं चिमूटभर खाण्याचा सोडा ओल्या बोटावर घेऊन फिरवला आणि लगेच धुऊन काढला. कडेला नळाच्या पाण्याचे पांढरे डाग होते. अर्धं पाणी आणि अर्धं व्हिनेगर कापसावर घेऊन ते टिपले, पुन्हा साध्या पाण्यानं पुसले. अर्धा तास लागला. एकदाही घाई केली नाही.

माझी ती भोकं उघडली. कित्येक वर्षांनी तेवढ्या चौकोनातून वारा आत गेला आणि सरळ आक्काच्या उशीपर्यंत पोचला. तिनं डोळे मिटून तो घेतला. मग डोळे उघडून त्या चौकोनातून बाहेर पाहिलं.

"अगं, समोरच्या गच्चीचं दार निळं आहे?"

"आधीपासून निळंच आहे, आत्या."

"मला करडं वाटायचं."

दोघी हसल्या. मला हसता येत नाही, पण त्या दिवशी मी मनातल्या मनात सगळ्या गल्लीला वाकुल्या दाखवल्या.

संध्याकाळी फोरमननं तो चौकोन पाहिला. तुम्हाला वाटेल, खूश झाला असेल. एवढासा तुकडा स्वच्छ झाल्यामुळं उरलेली मी किती घाण आहे हे उघड पडलं होतं, आणि ती घाण त्याच्या राज्यातली होती.

"हे कुणी केलं?"

"मी," पोरगी म्हणाली. "रविवारी दुपारी आले की बाकीची करते."

"एवढंसं धुऊन ठेवलंय, आमची लाज काढायला? आणि काय, भांड्यांच्या साबणानं? ताट आहे का ती?"

"पप्पा, ॲल्युमिनियमला तेवढंच लागतं."

"आता कॉलेज सोडलेल्या पोरीनं मला धातू शिकवायचा!" त्यानं बायकोकडं पाहिलं. बायकोनं पदर सारखा केला. ती नेहमी तेच करते. त्याचा अर्थ काढायचा तो काढा.

रविवार सेंटरवर गर्दीचा, पोरगी दुपारपर्यंत येणार नव्हती. फोरमननं तेवढाच वेळ साधला. सकाळी चौकटीसकट मला काढलं आणि आक्काच्या खोलीला लागून असलेल्या बाल्कनीत दोन स्टुलांवर आडवं टाकलं. माळ्यावरून एक डबा आला. कारखान्यातला कॉस्टिक. तिथं यंत्रांचे लोखंडी भाग यातच बुडवून साफ करायचे आणि हे काम फोरमनच्या हाताखाली चालायचं. त्याचं चुकलं ते एवढंच, आणि धातू न कळणाऱ्या माणसाचं तेही चुकलं नसतं. सगळं जग त्याला लोखंडाचं दिसतं.

हातमोजे घातले, चष्मा चढवला. शेजारून मास्तर खुर्ची घेऊन बसले. बायकोला लांब उभं केलं. गरम पाण्यात अर्धा डबा ओतला, काठीनं ढवळला आणि मगानं माझ्यावर ओतायला लागला.

एका क्षणात फेस आला. सूं सूं आवाज करत पांढरा फेस.

"बघा मास्तर, मळ कसा उकळतोय!"

"वा! अनुभव तो अनुभव," मास्तर म्हणाले.

तो मळ नव्हता. ती मी होते. माझी तार त्या पाण्यात विरघळत होती आणि तिचाच फेस होत होता. आणि ऐका, सगळ्यात आधी काय गेलं ते. पोरीनं धुतलेला चौकोन. बाकी अंगावर तेलभुशाचा जाड थर होता, तो आधी खाल्ला गेला आणि त्यानं मला थोडा वेळ सांभाळलं. स्वच्छ कोपऱ्यावर काहीच नव्हतं. तिथं पाणी थेट तारेला भिडलं.

"मुरू दे पंधरा मिनिटं," फोरमन म्हणाला आणि चहाला आत गेला.

मी ओरडले असते हो. तोंड असतं तर सगळी इमारत गोळा केली असती.

वाफ खोलीत शिरली. आक्का खोकायला लागली. आधी साधं, मग कळ आल्यासारखं वाकून. बायको धावली. आतून फोरमनचा आवाज आला, "थोडा वास येणारच, आक्का! स्वच्छता हवी तर एवढं सोसायला नको?"

सेंटरवरून सुटून पोरगी जिन्यात पोचली आणि तिथंच तिला वास लागला. ती दोन-दोन पायऱ्या चढत आली. आत्याला उचलून पुढच्या खोलीत नेलं, पंप दिला, पाठ चोळली, श्वास जागेवर आला तेव्हा बाल्कनीत आली. पाण्याच्या बादल्यांवर बादल्या माझ्यावर ओतल्या.

फेस ओसरला. मी काळी पडले होते. तार निम्मी उरली होती. आणि डाव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला, बरोबर त्या चौकोनाच्या जागी, हातभर भोक होतं.

मला वाटलं, आता हा म्हणेल, चुकलं.

फोरमन खाली वाकला. भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. आणि सरळ होऊन म्हणाला, "हे बघा. बाकी जाळी शाबूत आहे. जिथं हिनं घासलं तिथंच भोक पडलंय. घासून घासून पातळ केलं होतं हिनं."

"अगदी बरोबर जागी आहे," मास्तर म्हणाले.

"पप्पा, बाकीची मळामुळं वाचली! कोपऱ्यात मळ नव्हता म्हणून..."

"म्हणजे मळ चांगला आणि धुणं वाईट? हेच शिकवतात का गाड्या धुवायला?"

मास्तर हसले. पोरगीनं आईकडं पाहिलं. आईनं पदर सारखा केला.

बघा, कसा पुरावा! माझ्याच अंगावर पडलेलं भोक माझ्याच पोरीविरुद्ध साक्ष देत होतं, आणि खरं काय ते ठाऊक असलेली मी मुकी. त्या दिवशी मला कळलं, मोठ्यांचं कधी चुकत नसतं. त्यांचा माल हलका निघतो किंवा त्यांची पोरं.

फोरमननं भोकावर चिकटपट्टी मारली आणि मला परत खिडकीत बसवलं. दोन दिवसांत पट्टी सुटली. भुसा सरळ आत, आक्काच्या पांघरुणावर. संध्याकाळी डास. शेवटी काच बंद करावी लागली आणि मी बंद काचेबाहेर उभी राहिले, कुणाच्याच उपयोगाची नसलेली.

पोरगीनं नवी जाळी आणते म्हटलं. फोरमन म्हणाला, "आण की. पण आधी म्हण, माझ्या हातून झालं. एवढंच. मग काय आणायची ती आण."

एवढंच! तीन आठवडे या एका वाक्यावर खिडकी बंद राहिली. काचेतून मला दिसायचं. आक्का उठून बसलेली असायची, कारण आडवं झालं की श्वास लागायचा. डॉक्टर येऊन गेले. "खिडकी का बंद?" त्यांनी विचारलं. फोरमन म्हणाला, "दुरुस्ती चाललीय." दुरुस्ती त्याच्या रुबाबाची चालली होती, आणि किंमत बहीण मोजत होती श्वासानं.

शेवटी एका सकाळी पोरगी आत्याच्या पलंगावर येऊन बसली. डोळे सुजलेले.

"आत्या, मी म्हणून टाकते. झालं माझ्या हातून. माझं काय जातंय? आधीच कॉलेज सोडलेली आहे, आता जाळी फाडलेली. खिडकी तरी उघडेल."

आक्का बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. मग म्हणाली, "तू नाही म्हणायचंस. बापाला बोलव. आणि त्याचा तो डबा घेऊन ये म्हणावं."

फोरमन डबा घेऊन आला, मागून बायको.

"काय आक्का?"

"या मगात कर तुझं ते पाणी. त्या दिवशी केलंस तसंच."

"कशाला?"

"कर तर. चाळीस वर्षं करत आलास ना!"

त्यानं केलं. मग आक्कानं पाण्याच्या जगावरचं झाकण काढलं. कडेला जुन्या साडीची पट्टी लावलेला तो तुकडा. माझी बहीण. चकाकत होती.

"ही कुठली, आठवतं? त्याच जाळीतली. त्याच दिवशी कापलेली. हिला मी रोज सकाळी भांड्यांच्या साबणानं घासते. अकरा वर्षं. तुझ्या पोरीनं एकदा घासलं तर भोक पडलं. मी चार हजार वेळा घासलंय, दाखव कुठं पातळ झालीय ते."

फोरमननं तुकडा हातात घेतला. उजेडात धरला. उलटा केला.

"आता टाक मगात," आक्का म्हणाली.

"आक्का, उगाच कशाला... तुझी रोजची वस्तू आहे."

"टाक. तुझ्या पाण्यानं काही होत नाही ना? मग टाक की, बाळ्या."

मी काचेबाहेरून पाहत होते. त्याचा हात मगावर आला. बोटांत माझी बहीण लोंबत होती. पोरगी बघत होती. बायकोचा हात पदराकडं गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

त्यानं टाकला नाही.

खाली सुताराची करवत एकदा चालून थांबली. फोरमनचा हात मगावर तसाच. त्याला माहीत होतं. त्या क्षणी नाही हो, त्या रविवारीच, भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं तेव्हाच माहीत झालं होतं. धातूत आयुष्य गेलेल्या माणसाच्या बोटाला कळत नाही होय, तार घासून झिजलीय की खाल्ली गेलीय?

"टाकवत नाही ना?" आक्का म्हणाली. "मग पोरीचा श्वास का कोंडलास? माझा कोंडलास तो कोंडलास."

तेव्हा बायको बोलली. अकरा वर्षांत मी तिचा एवढा सरळ आवाज ऐकला नव्हता. "अहो, ती जाळी तुमच्या पाण्यानं गेली. मी तिथंच होते. मला त्या दिवशीच बोलायला हवं होतं."

फोरमननं तुकडा जगावर ठेवला. वाकडा ठेवला. आक्कानं तो सरळ केला. फोरमन कॉस्टिकचा मग उचलून बाहेर गेला. माफीबिफी काही मागितली नाही. कुणाला सांगताना फिल्मी करू नका.

दुसऱ्या दिवशी पोरगीनं नवी जाळी आणली. धाग्याची, काळी, गंजत नाही म्हणे. मला चौकटीतून सोडवलं. रबराची दोरी उपसताना ती हळूच म्हणाली, "सॉरी गं." मला म्हणाली! या घरात पहिली माफी मागितली गेली ती जिनं काही केलं नव्हतं तिच्याकडून, आणि जिला ऐकू येतं असं कुणाला वाटत नाही तिची.

चौकट धरायला फोरमन उभा होता. पोरगी दोरीवरून चाक फिरवायला लागली. "उलट्या बाजूनं..." त्याच्या तोंडून निघालं, आणि त्यानं ओठ मिटले. खिडकी उघडली. आक्का त्या संध्याकाळी आडवी झोपली.

परवा मी इथं दारामागं उभी असताना तो बाल्कनीत आला. पोरगी कपडे वाळत घालत होती. तो नव्या जाळीसमोर उभा राहिला. तिच्यातून नाही, तिच्याकडं पाहत.

"ही कशाची आहे म्हणालीस?"

"फायबरची."

"हिला काय चालतं?"

"कोरडा ब्रश. मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण."

"साबण किती?"

"चार थेंब."

"एवढाच?"

"एवढाच, पप्पा."

तो आत गेला आणि ब्रश घेऊन आला.

तुम्हाला हा शेवट गोड वाटत असेल. मला वाटत नाही. हा प्रश्न जाळीवाला दारात उभा होता त्या दिवशी विचारता आला असता. त्याला अकरा वर्षं लागली, एक म्हातारी गुदमरली, एक पोर रडून रडून सुजली आणि मी संपले. एका माणसाला एक प्रश्न विचारायला शिकवण्याची ही किंमत फार झाली, आणि ती त्यानं भरलेली नाही.

भंगारवाल्याची हाक कोपऱ्यावर आलीय. मी वितळेन, पुन्हा काहीतरी होईन. कदाचित तुमच्याच खिडकीत येईन. तेव्हा कृपा करा, बाटली उचलायच्या आधी जरा थांबा. माझ्याकडं बघा. आणि घरात एखादं पोर "हिला हे चालत नाही" म्हणत असेल, तर आधी त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.

सुतळी जरा सैल बांधा. आयुष्यभर ताणून झालंय.